जुनी एसयूव्ही की जुनी पिकअप? दुरुस्तीचा हिशेब आधी मांडा

धंद्यासाठी गाडी घेताना आपले बहुतेक व्यापारी बांधव किंमत विचारतात, ॲव्हरेज विचारतात आणि सौदा करून मोकळे होतात. दुरुस्तीचा प्रश्न निघतो तो गाडी गॅरेजला उभी राहिल्यावर. अलीकडे जुन्या बाजारात एक मोह वाढला आहे. आठ-दहा वर्षे वापरलेली एखादी मोठी एसयूव्ही नव्या पिकअपच्या आसपासच्या किमतीत मिळते. घरची माणसे बसतात, मागची सीट पाडून मालही टाकता येतो, चारचौघांत रुबाब राहतो. मग पिकअप कशाला, असे वाटू लागते. आम्ही एवढेच म्हणू की जुन्या गाडीची किंमत उतरते, पण तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. समजा २५ लाखांची गाडी ९ लाखांत हाती आली, तरी तिचा इंजेक्टर २५ लाखांच्या गाडीचाच असतो.

टाटा २०७ किंवा महिंद्राची जुनी पिकअप पाहा. तिच्या इंजिनाला डिझेल देणारा पंप यांत्रिक असतो, त्यावर संगणकाची हुकमत नसते. धूर वाढला, ओढ कमी झाली तर पंपवाला पंप उतरवून बेंचवर लावतो आणि नोझल बदलतो. नोझल शेकड्यांत येते. लाइनर-पिस्टन झिजले तर ते काम तालुक्याच्या गावीही होते. क्लच प्लेट, पाटे, बेअरिंग पुण्याच्या नाना पेठेत नवे मिळतात, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने मिळतात. मागचे टायर रिमोल्ड करून आणखी काही महिने चालवणारेही पुष्कळ आहेत. खर्च नाही असे नव्हे. महिन्याला काही ना काही निघतेच. पण बिल लहान असते आणि गाडी बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रस्त्यावर येते.

मोठ्या एसयूव्हीचे गणित उलटे आहे. ती वर्षभर काही मागत नाही, आणि मागते तेव्हा एकदम मागते. कॉमन रेल इंजिनात डिझेल १६०० बार किंवा त्याहूनही अधिक दाबाने इंजेक्टरपर्यंत जाते. पाणी मिसळलेले डिझेल एकदा गेले तरी पंप आणि चारही इंजेक्टर धोक्यात येतात, आणि एकेका इंजेक्टरची किंमत पाच आकडी असू शकते. त्यात टर्बो, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, फोर-व्हीलची वेगळी यंत्रणा. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांना धुराची काजळी अडवणारी जाळी असते. ती साफ होण्यासाठी गाडी लांब पल्ल्यावर चांगली तापावी लागते. दुकान ते गोदाम असे तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्याची जाळी म्हणूनच तुंबते. नवी बीएस-६ पिकअप घेणाऱ्याचीही यातून पुरती सुटका नाही, हेही सांगितले पाहिजे.

कराची बाजू फार थोडे लोक पाहतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या मालवाहू गाडीवर जीएसटी १८ टक्के आणि मोठ्या एसयूव्हीवर ४० टक्के आहे. एवढेच नाही. ज्याची नियमित नोंदणी आहे त्या व्यापाऱ्याला पिकअपवर भरलेल्या कराचे क्रेडिट मिळते, तिच्या दुरुस्तीच्या बिलातल्या कराचेही मिळते. प्रवासी गाडीच्या बाबतीत ते साधारणपणे अडवलेले आहे, खरेदीवरही आणि दुरुस्तीवरही. म्हणजे गॅरेजच्या एक लाखाच्या कामावरचे अठरा हजार एकाला परत वळते होतात, दुसऱ्याच्या खिशातून जातात. कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराला मात्र हा फायदा नाही. शिवाय खासगी नोंदणीच्या गाडीतून भाड्याचा माल वाहिला आणि अपघात झाला, तर विम्याचा दावा अडतो.

स्वस्त एसयूव्ही कुठून आली तेही विचारावे. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर २०१५ साली हरित लवादाने आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने बंधने घातली. तेव्हापासून तिकडच्या गाड्या इतर राज्यांत स्वस्तात विकल्या गेल्या. अशी गाडी महाराष्ट्रात आणायची तर तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला लागतो आणि इथला कर भरावा लागतो. फोर्डने २०२१ साली भारतातले उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले. शेव्हरोलेची इथली विक्री २०१७ अखेर बंद झाली. अशा गाडीचा सौदा करण्याआधी चार महत्त्वाचे भाग कुठे आणि किती दिवसांत मिळतील, हे दुकानातच जाऊन विचारून यावे.

आता जुन्या पिकअपचा दोष. तिच्यात घात इंजिन करत नाही, चासी करते. सौदा करताना खाली वाकून मागचे पाटे मोजा. कंपनीने दिलेल्यापेक्षा जादा पाटा दिसला तर गाडीने क्षमतेबाहेर माल ओढला आहे, असे समजा. मग पाट्यांच्या खुंट्यांजवळ चासीला तडा किंवा वेल्डिंगची खूण आहे का ते पाहा. हौद्याखालचा गंज रंगाने झाकलेला असतो. कोकणातल्या गाडीत तर तो हमखास शोधावा. कागदांचेही तसेच. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस लागते. पंधरा वर्षांनंतरचे शुल्क २०२२ पासून बरेच वाढले आहे. खासगी गाडीला पंधरा वर्षे ही कटकट नसते. एअरबॅग आणि एबीएसही जुन्या पिकअपला नसतात. रोज घाटरस्त्याने जाणाऱ्याने हे हलक्यात घेऊ नये.

आमचे अनेक वाचक व्याज टाळण्यासाठी जुनी गाडी रोखीने घेतात. त्यांनी सगळी पुंजी गाडीत घालू नये, निदान पाचवा हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावा.

ज्यांचे पोट गॅरेजवर आहे त्यांच्यासाठी हा प्रश्न आणखी निराळा आहे. यांत्रिक पंपाच्या गाड्या वर्षागणिक कमी होत आहेत. स्कॅनर न वापरणाऱ्या मिस्त्रीकडे एसयूव्ही येत नाही आणि काही वर्षांत पिकअपही येणार नाही. आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा कोर्स दोन वर्षांचा आहे. दहावी झालेल्या पोराला त्यात घालता येते. जुन्या गाड्या अजून काही वर्षे चालतीलच, त्यांचा पंप खोलून बसवणे मात्र त्याला उस्तादाच्या हाताखालीच शिकावे लागेल.