झाकली मूठ, रिकामी खुर्ची

रात्री साडेआठला कधी मंडईत गेला आहात? सकाळी तीस रुपयांना मिळणारी मेथीची जुडी आता वीसला दोन झालेली असते. मावशींना पक्कं ठाऊक असतं, की उद्या पानं पिवळी पडली की हिला कुणी हात लावणार नाही. आता विमानातली खुर्ची बघा. मेथी निदान रात्रभर तरी तग धरते. खुर्चीचं आयुष्य विमानाचं दार बंद होईपर्यंतच! दार लागलं की त्या उड्डाणातली रिकामी खुर्ची कुणालाच, कुठल्याच भावात विकता येत नाही.

मग विमान कंपन्या शेवटच्या घटकेला ‘वीसला दोन’ अशी आरोळी का ठोकत नाहीत? कारण ती आरोळी सगळ्यांनाच ऐकू जाते. उद्याच्या बैठकीसाठी पूर्ण भाडं मोजायला तयार असलेला माणूसही मग संध्याकाळची वाट बघत बसेल. चार खुर्च्या विकायच्या नादात चाळीस खुर्च्यांचा भाव पडेल. म्हणजे स्वस्तात विकायचं तर आहे, पण स्वस्तात विकतोय हे कुणाला कळता कामा नये. सुटेल हा पेच?

एप्रिल १९९८ मध्ये अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात जे वॉकर नावाच्या उद्योजकानं तो सोडवला, आणि तोही दुकान उलटं करून! प्राइसलाइन या त्यांच्या संकेतस्थळावर भाव गिऱ्हाइकानं सांगायचा. कुठून कुठे जायचं, कोणत्या तारखेला आणि किती डॉलर देणार, एवढं लिहायचं आणि क्रेडिट कार्डाचा नंबर द्यायचा. विमान कोणत्या कंपनीचं, किती वाजता सुटणार, वाटेत कुठे थांबणार, यातलं काहीही आधी कळायचं नाही. देकार मान्य झाला की पैसे लगेच कापले जायचे. तिकीट बदलणं नाही, परत करणं नाही.

ही अडचण वाटते ना? पण सगळी करामत या अडचणीतच आहे! बैठकीला निघालेला माणूस ‘दिवसभरात कधीही न्या’ असं म्हणूच शकत नाही, म्हणून तो आपोआप कुंपणाबाहेर राहतो. आजीला भेटायला निघालेल्या विद्यार्थ्याला पहाटेचं विमान काय आणि रात्रीचं काय! शिवाय कंपनीचं नाव झाकलेलं असल्यामुळे तिचा छापील भाव शाबूत राहतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही आपली म्हण अमेरिकेत अक्षरशः डॉलरमध्ये वटत होती.

पडद्यामागची गंमत तर आणखी भारी. तुमचा देकार घेऊन विमान कंपनीत कुणी घासाघीस करत बसत नव्हतं. कंपन्यांनी आपले गुप्त, कमी दर आधीच देऊन ठेवलेले असत. समजा, तुम्ही २०० डॉलर लिहिले आणि यादीत १७० चा दर सापडला, तर तिकीट पक्कं आणि मधले ३० डॉलर प्राइसलाइनचे. गिऱ्हाईक खूश, विमान कंपनी खूश, मधला माणूसही खूश. आणि हे तिघं ज्या खुर्चीवर खूश झाले, ती एरवी रिकामीच उडाली असती!

मार्च १९९९ मध्ये या कंपनीचा शेअर १६ डॉलरला बाजारात आला आणि पहिल्याच दिवशी ६९ वर बंद झाला. कंपनीचं मोल सुमारे १० अब्ज डॉलर झालं. युनायटेड, कॉन्टिनेन्टल आणि नॉर्थवेस्ट या तीन विमान कंपन्यांची बेरीज केली तरी त्याहून जास्त! त्या तिघींकडे शेकडो विमानं होती, प्राइसलाइनकडे एकही नाही. एप्रिल संपता संपता शेअर १६० च्या वर गेला.

एवढं मोल केवळ विमानाच्या तिकिटांवर येत नसतं. लोक पुढची स्वप्नं विकत घेत होते. हॉटेलच्या खोल्या, गृहकर्ज, मोटारी, दूरध्वनीची मिनिटं, आणि वॉकर यांच्याच ‘वेबहाउस क्लब’ या वेगळ्या कंपनीतर्फे किराणा आणि पेट्रोलसुद्धा. भाव तुम्ही सांगा, वस्तू कोणतीही असो! घरी बसून शेंगदाण्याच्या लोण्याचा भाव लिहायचा, मान्य झाला की कार्ड घेऊन जवळच्या दुकानातून बरणी उचलायची.

इथे क्षणभर थांबा आणि मंडईतल्या मावशींचा प्रश्न विचारा: ही वस्तू रात्रीतून सुकते का?

हॉटेलची खोली सुकते. आज रात्री रिकामी राहिली तर ती रात्र गेली ती गेलीच. मिनिटांनाही हा गुण थोडाफार आहे. पण लोण्याची बरणी? ती उद्याही फळीवर असते, पुढच्या महिन्यातही असते. पेट्रोल टाकीत तसंच राहतं. मग उत्पादकानं भाव का पाडावा? बहुतेकांनी पाडला नाहीच. गिऱ्हाइकाचा भाव आणि खरा भाव यांतली दरी वेबहाउसला बरेचदा आपल्याच खिशातून बुजवावी लागे. ऑक्टोबर २००० मध्ये, सुरू झाल्यापासून वर्षभराच्या आतच, हा क्लब बंद होत असल्याचं जाहीर झालं. त्याच सुमारास तिकिटांची विक्रीही मंदावली होती. वर्षअखेर प्राइसलाइनचा शेअर होता १ डॉलर ३१ सेंट.

कथा इथे संपायला हवी होती, नाही का? पण खरं नवल पुढेच आहे.

नेदरलँड्समधल्या एन्स्खेडे या शहरात १९९६ साली एक छोटं संकेतस्थळ सुरू झालं होतं. त्यात ना झाकली मूठ, ना देकार. हॉटेलचं नाव उघड, भाव उघड. पाहुण्यानं पैसे बहुतेकदा थेट हॉटेलातच द्यायचे आणि हॉटेलानं नंतर दलाली पोचवायची. मला यातला साधेपणा फार लोभस वाटतो. अमेरिकेत मोठ्या साखळी हॉटेलांचा दबदबा होता. युरोपात मात्र गल्लोगल्ली वीस-पंचवीस खोल्यांची घरगुती हॉटेलं. त्यांची जाहिरात कोण करणार? पैसे आपल्याच गल्ल्यात येतात म्हटल्यावर ती या यादीत आनंदानं शिरली. हॉटेलं वाढली म्हणून प्रवासी वाढले, प्रवासी वाढले म्हणून आणखी हॉटेलं आली. मंडई भरते ती अशीच.

प्राइसलाइननं २००५ मध्ये हे संकेतस्थळ १३ कोटी ३० लाख डॉलरना घेतलं. त्याआधी, २००३ मध्ये, सहा जुन्या शेअरांचा एक नवा शेअर झाला होता. हा सहाचा पाढा लक्षात ठेवा, कारण आता हिशेब मांडायचा आहे. सप्टेंबर २०१३ मध्ये त्या नव्या शेअरनं १,००० डॉलर ओलांडले; एस अँड पी ५०० निर्देशांकातल्या कंपन्यांत हा टप्पा गाठणारी ही पहिली. ज्यानं १९९९ मध्ये १६० च्या वर खरेदी केली होती, त्याला सहापट करता एक नवा शेअर ९६० हून महाग पडला होता. म्हणजे चौदा वर्षांनी त्याच्या हाती जेमतेम मुद्दल आलं. ज्यानं २००० च्या शेवटच्या दिवशी १ डॉलर ३१ सेंटला घेतला, त्याचा नवा शेअर आठ डॉलरहूनही स्वस्त. त्याच्या पैशांचे सव्वाशे पट झाले. कंपनी एकच, कागदही तोच!

विमानाच्या तिकिटांसाठी ‘भाव तुम्ही सांगा’ हा प्रकार २०१६ मध्ये बंद झाला. फेब्रुवारी २०१८ मध्ये मूळ कंपनीनं आपलं नावही बदललं आणि एन्स्खेडेहून आलेल्या त्या संकेतस्थळाचं नाव घेतलं. ती आता बुकिंग होल्डिंग्स म्हणून ओळखली जाते.