टीव्हीवर जिंकली, त्यानंतरची सहा वर्षं

लग्नाची वरात असो, नवरात्र असो की कॉलेजचं गॅदरिंग, ‘पिंगा’ लागलं की पोरी खुर्चीवर बसत नाहीत. पडद्यावर दीपिका आणि प्रियांका नाचतात, म्हणून आपण ते गाणं त्यांच्याच नावानं ओळखतो. पण त्यात आवाजही दोन आहेत. एक श्रेया घोषालचा, हे बहुतेकांना माहीत असतं. दुसरा कुणाचा? तुमच्या ग्रुपमध्ये विचारून बघा. निम्मे तरी गप्प बसतील.

तो आवाज वैशाली माडेचा. आणि ही वैशाली आपल्याच वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटची. नाचणगावात बसून ‘आपल्याकडून कोण जातंय तिकडं’ असं म्हणणाऱ्यांनी तिची गोष्ट नीट वाचावी. ती फक्त जिंकण्याची नाही, म्हणून जास्त कामाची आहे.

नदीच्या दोन्ही काठांची

वैशालीचा जन्म अमरावती जिल्ह्यातल्या खारतळेगावचा. पुलगावहून वर्धा नदी ओलांडली की लागतो तोच अमरावती जिल्हा. भैसने हे तिचं माहेरचं आडनाव, माडे सासरचं. सासर हिंगणघाटचं, म्हणजे कापसाच्या बाजारपेठेसाठी ओळखलं जाणारं गाव.

आपल्या भागात गाणं नाही असं कुणी म्हणू शकत नाही. तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं आहेत, जयंतीला रात्र जागवणारी भीमगीतं आहेत, गणपतीतला ऑर्केस्ट्रा आहे. गळे भरपूर आहेत. नाही ती एकच गोष्ट, सिनेमाची गाणी जिथं रेकॉर्ड होतात तो स्टुडिओ. तो मुंबईत, आणि तिथं जायला आख्खी रात्र रेल्वेत काढावी लागते. गेलं तरी ओळख कुणाची सांगायची?

ही अडचण टीव्हीनं थोडी सोपी केली. १९९५ मध्ये झी टीव्हीवर ‘सा रे ग म’ सुरू झालं तेव्हा सूत्रसंचालक होता तरुण सोनू निगम. पुढे कार्यक्रमाच्या नावात ‘प’ जोडला गेला, मराठीतही तो आला. वैशालीनं आधी झी मराठीवरचं ‘सा रे ग म प’ जिंकलं आणि मग २००९ मध्ये हिंदीतलं ‘सा रे ग म प चॅलेंज’. तेव्हा मत द्यायचं म्हणजे एसएमएस. मोबाइलमध्ये बॅलन्स टाकून लोक आपल्या आवडत्या गायकाला मतं पाठवायचे. विदर्भातली मुलगी हिंदीच्या मंचावर देशभरातल्या गायकांसमोर उभी राहून पहिली आली. आता हिची गाडी सुसाट सुटणार, असंच कुणालाही वाटलं असतं.

आता तारखा बघा

हिंदी स्पर्धा जिंकली २००९ ला. ‘होणार सून मी ह्या घरची’ ही मालिका आली २०१३ ला. रोज संध्याकाळी घराघरात वाजणारं तिचं शीर्षकगीत वैशालीच्या आवाजात होतं. ‘बाजीराव मस्तानी’ आणि त्यातलं ‘पिंगा’ आलं २०१५ मध्ये. ‘कलंक’मधलं ‘घर मोरे परदेसिया’, पुन्हा श्रेयासोबत, २०१९ मध्ये. त्याच वर्षी ती ‘बिग बॉस मराठी’च्या दुसऱ्या पर्वातही दिसली.

म्हणजे हिंदीतली ट्रॉफी हातात आली तेव्हापासून आख्ख्या देशानं नाचावं असं गाणं मिळेपर्यंत सहा वर्षं गेली. या काळात ती घरी बसलेली नव्हती. मराठी गाणी, मालिका, स्टेज शो सुरू होते. पण फायनलच्या रात्री टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला ही सहा वर्षं दिसत नाहीत. त्याला दिसतो तो ट्रॉफीचा फोटो आणि एकदम सहा वर्षांनंतरचं ‘पिंगा’. मधलं सगळं तो विसरतो आणि मग आपल्या गावातल्या पोरीला विचारतो, ‘तुझं अजून काहीच कसं नाही झालं?’

एवढा वेळ का लागतो?

स्पर्धेत आपण आधी गाजलेलं गाणं गातो. लताबाईंनी किंवा आशाताईंनी ते आधीच गाऊन ठेवलेलं असतं. जागा कुठं घ्यायची, श्वास कुठं सोडायचा, सगळं ऐकून पाठ करता येतं. समोर वाद्यवृंद, दिवे, टाळ्या असतात.

स्टुडिओत यातलं काहीच नसतं. बंद खोली, कानावर हेडफोन, समोर माइक. गाणं नवंकोरं, आधी कुणीच न गायलेलं. एकेक ओळ पुन्हापुन्हा गायची, तीही पडद्यावरच्या बाईचा स्वभाव ओळखून. बरं, गायलं म्हणजे ते आपलंच झालं असंही नाही. एकच गाणं दोन-तीन जणांकडून गाऊन घेतात आणि शेवटी एकाचा आवाज ठेवतात. ‘पिंगा’त तर आणखी एक परीक्षा होती. शेजारी श्रेया घोषालसारखा आवाज असताना आपला आवाज वेगळा ऐकू यायला हवा. हे मतांवर मिळत नाही.

गंमत म्हणजे श्रेयाही टीव्हीचीच. लहान वयात ती ‘सा रे ग म’च्या मुलांच्या भागात गायली होती. संजय लीला भन्साळींच्या आईनं तिला टीव्हीवर ऐकलं आणि मुलाला बोलावून ऐकवलं. त्यातून तिला ‘देवदास’ मिळाला. तो आला २००२ मध्ये. ‘पिंगा’चे संगीतकारही भन्साळीच. टीव्हीनं शोधलेले दोन आवाज त्यांनी एका गाण्यात आणले.

हार्लेममधली एक पोरगी

टीव्ही यायच्या आधीही अशा स्पर्धा होत्याच, आणि त्यानंतरची वाट पाहणंही होतं. १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, अपोलो थिएटरच्या नवोदितांच्या रात्री सतरा वर्षांची एक पोरकी मुलगी स्टेजवर आली. ती नाचायला आली होती. पण आधी नाचून गेलेल्या दोघी इतक्या भारी होत्या, की ती घाबरली आणि ऐन वेळी गायली. पहिलं बक्षीस मिळालं, २५ डॉलर. ही एला फिट्झगेराल्ड. पुढं जगानं तिला जॅझची राणी म्हटलं.

पण दुसऱ्याच दिवशी नाही. १९३५ मध्ये ती ड्रमर चिक वेब यांच्या बँडमध्ये लागली, रात्रीमागून रात्री लोकांना नाचवणारी गाणी गायली, आणि पहिलं मोठं हिट गाणं आलं १९३८ मध्ये. स्पर्धेनंतर चार वर्षांनी. हार्लेम कुठं, हिंगणघाट कुठं! तरी हिशेब जवळपास सारखाच.

मग आपण काय करायचं?

ऑडिशन द्यायची, जरूर द्यायची. वैशालीनं दिली नसती तर ‘पिंगा’त तिचा आवाज नसता. पण नागपूरच्या ऑडिशनला पहाटेच्या गाडीनं निघण्याआधी तीन प्रश्न स्वतःला विचारून बघा.

एक, मला पाठ असलेल्या पाच गाण्यांपलीकडं काय येतं? नवीन चाल एकदा ऐकून गाता येते का? येत नसेल तर आधी गुरू शोधा. गावातले हार्मोनियमवाले काकाही चालतील.

दोन, सिलेक्शन झालं नाही तर पुढच्या सोमवारी मी रियाज करणार का? आपल्याकडं बऱ्याच पोरींचं गाणं तिथंच थांबतं. ‘एकदा जाऊन आली ना, झालं की’ असं घरचे म्हणतात आणि पेटी कपाटावर जाते. लग्न ठरलं की तीही जात नाही सोबत. वैशालीच्या नावात माहेर आणि सासर दोन्ही आहेत, आणि गाणंही सुरूच आहे. घरच्यांशी बोलताना हे उदाहरण हक्कानं द्या.

तीन, सिलेक्शन झालंच, जिंकलेच, तर त्यानंतरच्या सहा वर्षांचं काय? तेव्हा पोटापाण्याचं काम आणि गाणं दोन्ही सांभाळायची तयारी आहे का? हा प्रश्न आईबाबांनाही विचारा. कारण त्या सहा वर्षांत कॅमेरा नसतो, घरचेच असतात.

पुढच्या वेळी मंडपात ‘पिंगा’ लागेल तेव्हा नाचा बिनधास्त. पण एकदा डोळे मिटून दुसरा आवाज वेगळा काढून ऐका. आणि शेजारच्याला सांगा, ही आपल्या जिल्ह्यातली आहे, नाव वैशाली माडे.