ऑपेरा आणि श्रोत्याची भाषा

ऑपेरा म्हणजे धनिकांचा विलास, ही समजूत लंडनच्या 'ओल्ड व्हिक'पुरती तरी खरी ठरत नाही. श्रमिकांना मद्याविना करमणूक मिळावी म्हणून एमा कॉन्स यांनी १८८० साली हे नाट्यगृह चालविण्यास घेतले. (किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले, तेही त्याच वर्षी.) पुढे त्यांची भाची लिलियन बेलिस यांनी नफ्याची अपेक्षा न ठेवता, अल्प दरात, तेथे ऑपेरांचे प्रयोग केले, आणि तेही इंग्रजीत. गायकाच्या कंठाला पेलेल असा स्वर आणि श्रोत्याला आपल्या बोलीतला वाटेल असा शब्द एकाच मात्रेत बसविणे ही भाषांतरकाराची खरी कसोटी. मोझार्टच्या संहितांबाबत एडवर्ड डेंट तिला उतरले. मूळ इटालियनचा नाद त्यात हरपला, हे मान्य केले पाहिजे. परंतु विनोद गायिला जातो त्याच क्षणी तो उमगणे, हा लाभ लहान नव्हे. १९३१ मध्ये मंडळीला 'सॅडलर्स वेल्स' हे घर मिळाले. महायुद्धात तेथे बॉम्बहल्ल्यांनी निराश्रित झालेल्यांना आसरा देण्यात आला आणि मंडळी गावोगाव हिंडत राहिली. ७ जून १९४५ रोजी ते नाट्यगृह पुन्हा उघडले, ते बेंजामिन ब्रिटन यांच्या 'पीटर ग्राइम्स' या मुळातच इंग्रजीत रचलेल्या ऑपेराने.