लहान मोटारीची चाके आणि त्यांतील हवा

लहान मोटार रस्त्याला किती जागेत टेकलेली असते, याचा हिशेब सहसा कोणी करून पाहत नाही. चार माणसे बसलेली गाडी सुमारे १००० किलो वजनाची धरली, तर प्रत्येक चाकाच्या वाट्याला २५० किलो येतात. टायरमधील हवेचा दाब दर चौरस इंचास ३० पौंड, म्हणजेच दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २.१ किलो असेल, तर एवढे ओझे पेलण्यास प्रत्येक चाकाखाली साधारण १२० चौरस सेंटीमीटर जागा लागते. म्हणजे जवळजवळ एका तळहाताएवढी. टायरच्या अंगच्या ताठपणामुळे या आकड्यात थोडा फरक पडेल. पण वळणे, वेग घेणे आणि अवचित आडवे आलेल्या माणसाला वाचविण्यासाठी गाडी थांबविणे, हे सारे त्या चार तळहातांवर अवलंबून असते. वजन पेलते ती कोंडलेली हवा. रबर आणि त्यात गुंफलेले दोरे त्या हवेला आकारात धरून ठेवतात, इतकेच.

हवेच्या चाकाचे पहिले पेटंट स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसन याने १८४५ मध्ये घेतले. पण ती कल्पना मागे पडली. पुढे १८८८ मध्ये बेलफास्ट येथील जनावरांचा डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप याने तिला नव्याने जन्म दिला. फ्रान्समधील मिशलँ कंपनीने १९४६ मध्ये रेडियल टायरचे पेटंट घेतले. या टायरमध्ये दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात व रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली पोलादी तारांचा पट्टा असतो. आजच्या मोटारींना हेच टायर असतात. योग्य हवा असतानाही त्यांची बाजू खाली थोडी फुगलेली दिसते. त्यामुळे नुसत्या नजरेने किंवा लाथ मारून हवेचा अंदाज घेण्याची आपल्याकडील जुनी सवय येथे फसवी ठरते.

टायरच्या बाजूवर त्याची कुंडलीच कोरलेली असते. मारुती अल्टो ८०० या गाडीचा टायर ‘१४५/८० आर १२’ या मापाचा. यातील १४५ ही मिलिमीटरमधील रुंदी. बाजूची उंची त्या रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे ११६ मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे रेडियल, आणि १२ हा रिमचा इंचांतील व्यास. सर्व मिळून चाकाचा व्यास सुमारे ५३७ मिलिमीटर भरतो. पुढे ‘७४ एस’ असे लिहिलेले असल्यास ७४ या आकड्याचा अर्थ ३७५ किलो भार, आणि ‘एस’चा अर्थ ताशी १८० किलोमीटरपर्यंतचा वेग. नवा टायर घेताना ही दोन चिन्हे मूळ टायरपेक्षा खालची असता कामा नयेत.

गाडी रुबाबदार दिसावी म्हणून मोठी चाके बसविण्याची हौस पुष्कळांना असते. वरील गाडीला १६५/७० आर १४ हे टायर लावले, तर व्यास ५८७ मिलिमीटर, म्हणजे नऊ टक्क्यांहून अधिक वाढतो. वेगदर्शक काटा चाकाच्या फेऱ्यांवरून वेग सांगतो, रस्ता पाहून नव्हे. तो ६० दाखवीत असताना गाडी ६५च्या पुढे गेलेली असते. इंजिनाची ओढ कमी पडते, आणि वळताना टायर मडगार्डला घासू लागतो. बदल करावयाचाच असेल, तर एकूण व्यास कायम राहील असे पाहावे. १५५/६५ आर १३ या टायरचा व्यास ५३२ मिलिमीटर, म्हणजे मुळाच्या जवळ येतो. अर्थात रिम मोठी झाली की रबराची बाजू बुटकी होते आणि खड्ड्याचा धक्का थेट रिमला बसतो. आपल्या रस्त्यांचा विचार करता, कारखान्याने ठरविलेले माप ठेवून हौसेचा पैसा चांगल्या टायरवर खर्च करणे अधिक शहाणपणाचे.

मापामागे किती विचार असतो, याचे उदाहरण म्हणजे टाटा नॅनो. तिचे पुढील टायर १३५/७० आर १२ आणि मागील १५५/६५ आर १२ या मापाचे होते. इंजिन मागे असल्याने ओझे मागे अधिक. वळणावर शेपूट घसरू नये, म्हणून तेथे रुंद टायर दिले. दुकानदाराच्या सल्ल्याने चारी टायर सारखे करणारा मालक हा तोल नकळत मोडीत काढतो.

आता हवेकडे वळू. (बाजारातून पौंड जाऊन साठ वर्षे झाली, हवेच्या पंपावर मात्र त्याचेच राज्य आहे.) किती हवा भरावी, हे चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. टायरच्या बाजूवरील दाबाचा आकडा ही कमाल मर्यादा असते. तेवढी हवा भरणे ही नेहमीची चूक आहे. दाब सकाळी, टायर थंड असताना मोजावा. चांगल्या टायरमधूनही महिन्याकाठी साधारण एक पौंड हवा निघून जाते, आणि तपमान दहा अंशांनी उतरले की सुमारे दीड पौंड दाब घटतो. म्हणून दिल्ली-लखनौकडील गाड्यांना थंडी सुरू होताच हवा पुन्हा पाहावी लागते.

याच हिशेबातून एक घातक समजूत निर्माण झाली आहे: उन्हाळ्यात हवा वाढते, म्हणून ती कमी ठेवावी. प्रत्यक्षात याच्या उलट घडते. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेरीत अधिक वाकते आणि त्या घुसळणीने रबर तापते. उष्णतेने थर सुटू लागतात आणि टायर फुटतो. गावातील फेऱ्यांत हा दोष दडून राहतो. यमुना द्रुतगती मार्ग किंवा नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग यांसारख्या सरळ सिमेंटच्या रस्त्यावर, भर दुपारी, सतत शंभराच्या वेगाने जाताना तो जिवावर बेततो. वाटेत दाब चार-पाच पौंड वाढलेला दिसला तरी हवा सोडू नये. ती वाढ धरूनच थंड टायरचा आकडा ठरविलेला असतो. नायट्रोजनचाही फार बडेजाव नको. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

पावसाळ्यात प्रश्न बदलतो. टायरच्या खाचा पाणी बाहेर टाकतात. त्या उथळ झाल्या, किंवा हवा कमी असली, की टायर पाण्यावर तरंगू लागतो आणि स्टिअरिंग हातात असूनही गाडी आपली राहत नाही. खाचांच्या तळाशी १.६ मिलिमीटर उंचीचे उंचवटे असतात; झीज तेथवर पोचली की टायर बदललाच पाहिजे. दोनच नवे टायर घ्यावयाचे असतील, तर ते मागे बसवावेत. इंजिन पुढच्या चाकांना फिरवीत असले तरीही हाच नियम. पुढची चाके घसरली तर चालकाला ते जाणवते व वेग कमी करून सावरता येते. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते.

खरेदी करताना टायरचे वयही पाहावे. बाजूवरील चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा व पुढचे दोन वर्ष सांगतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. स्टेपनीवरही हेच अंक पाहावेत, कारण न वापरताही रबर जुने होते. तिच्यात हवा दोन-चार पौंड जास्तच ठेवावी: आडरानात जास्तीची हवा सोडता येते, भरता येत नाही.