मराठी अद्भुतरम्य कादंबरी आणि राजेरजवाड्यांचा काळ

अद्भुतकथेला मध्ययुगच का लागते, याचे उत्तर बहुधा जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक टॉल्कीन यांच्यापाशी शोधले जाते. मराठीत ते पुष्कळ आधी मिळते. नारो सदाशिव रिसबूड यांनी ‘मंजुघोषा’ (१८६८) या कादंबरीच्या प्रस्तावनेत अडचण मांडली : हिंदूंच्या विवाहरीतींमुळे नित्याच्या आयुष्यात मनोरंजक काही आढळत नाही, म्हणून अद्भुताचा आश्रय घ्यावा लागतो. बालविवाहाच्या समाजात नायिकेला अनुरागास व वरनिवडीस अवकाश कोठला? तो स्वयंवर मांडणाऱ्या राजकन्येलाच होता. शिवाय पेशवाई संपून पन्नासच वर्षे झाल्याने दरबार व कारस्थाने वाचकांना परकी नव्हती. पुढे १८९० पासून ‘करमणूक’ पत्रात हरि नारायण आपटे यांनी, रिसबुडांना नीरस वाटलेल्या त्याच घरातील एका विधवेची कहाणी सांगितली. तिला राजवाडा लागला नाही.