अजगराची अंडी कोणी उबवावी?

पांढुर्णा-सौंसर भागातील संत्र्याच्या बागांतून चैत्र-वैशाखात एक प्रकारची शांतता असते. मृग बहार धरावयाचा म्हणून झाडांना ताण दिलेला असतो, पाणी तोडलेले असते, आणि मोकळ्या झालेल्या हातांनी बांधाची डागडुजी चाललेली असते. अजगराची मादी अंडी घालते ती याच दिवसांत. साळिंदराचे जुने बीळ, पोकळ खोड, दगडांचा ढीग अशा जागा तिला मानवतात. तेव्हा बांधावरचे दगड हलविताना वेटोळे घालून बसलेली मादी आणि तिच्या पोटाखाली कोंबडीच्या अंड्यांहून मोठ्या, पांढऱ्या अंड्यांची रास दृष्टीस पडली, तर काय करावे?

प्रथम कायद्याची गोष्ट सांगून टाकतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आपला अजगर आहे. त्याला किंवा त्याच्या अंड्यांना हौसेने घरी ठेवता येत नाही. परदेशी जातींचे अजगर बाळगणाऱ्यांनाही २०२४ च्या नियमांप्रमाणे नोंदणी करावी लागते. म्हणून अंडी कोठे उबवावीत याचा निर्णय वनविभागाचा. तथापि वनरक्षक येईपर्यंतचा काळ बागाइतदाराच्या हाती असतो, आणि पुष्कळदा अंड्यांचे भवितव्य त्या तासाभरातच ठरते.

आपल्याकडे खुडूक बसलेली कोंबडी कोणी पाहिली नाही? ती पाखरू आहे, तिचे रक्त उष्ण, तेव्हा तिने अंड्यांना ऊब द्यावी यात नवल नाही. पण साप तर थंड रक्ताचा! लामार-पिको नावाच्या फ्रेंच प्रवाशाने, हिंदुस्थानात अजगराची मादी अंडी उबविते असे १८३० नंतरच्या दशकात पॅरिसच्या विद्वत्सभेला कळविले, तेव्हा त्या विद्वानांना ते पटले नाही. पुढे १८४१ मध्ये त्याच नगरीत व्हॅलेन्सिएन्स या प्राणिशास्त्रज्ञाने अंड्यांवर बसलेल्या मादीचे तापमान मोजले आणि प्रवाशाचे म्हणणे खरे ठरले. ही ऊब येते कोठून, याचा उलगडा न्यूयॉर्कमध्ये ब्रह्मी अजगरावर केलेल्या व १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी झाला. हवा थंड होऊ लागली की मादी वेटोळ्यांचे स्नायू ठराविक लयीने आखडते, जणू हुडहुडी भरावी तशी. जितका गारठा अधिक तितके झटके अधिक. या श्रमाने ती आपले अंग भोवतालच्या हवेपेक्षा सुमारे पाच अंशांनी उष्ण राखू शकते. या काळात ती बहुधा काही खातही नाही. आणि अंडी वेटोळ्यांत झाकलेली असल्यामुळे ती सुकतही नाहीत. हे काम उबेइतकेच मोलाचे आहे.

म्हणून मादी अंड्यांवर असेल तर माझे मत स्पष्ट आहे : दगड होते तसे ठेवावेत, कुत्री आणि बघ्यांची गर्दी दूर ठेवावी, आणि तो बांध दोन महिने सोडून द्यावा. अडचण एकच उरते. ताण सोडताना बागेला पाणी देतात, ते पाणी बिळात शिरले तर अंडी बुडून मरतील. तेवढी सरी वळवून घ्यावी. एवढा धीर माणसाला धरवेल का, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. २०२२ मध्ये केरळातील कासरगोड जिल्ह्यात महामार्गाचे रुंदीकरण चालू असता अजगराची मादी व तिची २४ अंडी सापडली. त्या जागेचे काम ५४ दिवस थांबविण्यात आले, आणि पिले बाहेर पडली. महामार्गाला जे जमले ते एका बांधाला जड जाऊ नये.

परंतु मादी मारली गेली असेल किंवा ती परत येत नसेल, तर मात्र पेटीचा आश्रय घ्यावा लागतो. येथे कोंबडीचे ज्ञान घात करते. कोंबडी अंडी वरचेवर फिरविते. अजगराचे अंडे फिरवावयाचे नसते. आतला गर्भ कवचाला वरच्या अंगाला चिकटून वाढतो, तो उलटला तर मरू शकतो. म्हणून उचलण्यापूर्वी प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर शिसपेन्सिलीने खूण करावी. एकमेकांना चिकटलेली अंडी सोडवू नयेत, रास असेल तशीच उचलावी.

पेटीत अंड्यांखाली ओलसर व्हर्मिक्युलाइट किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा घालतात. तो मुठीत दाबला असता पाणी गळू नये, इतकाच ओला असावा. आंब्याच्या आढीसारखा पेंढा घालण्याचा मोह काहींना होईल. पण कुजणाऱ्या पेंढ्याची उष्णता आपल्या ताब्यात राहत नाही. नागराजाची मादी पाल्याचे घरटे करते हे खरे, पण ती अजगराची रीत नव्हे.

उष्णता हवी ३१ ते ३२ अंश. पुस्तके दिवा लावून पेटी तापविण्यास सांगतात. ती बहुतेक थंड मुलुखांत लिहिलेली! सौंसरच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेली अंडी दिव्यावाचूनच शिजतील. तेथे जाड मातीच्या भिंतींची, सावलीतली खोली अधिक उपयोगी. पेटीत पाण्याने भरलेल्या बाटल्या ठेवल्या म्हणजे दुपार-रात्रीचा चढउतार मंदावतो, आणि वीज गेली तरी काही वेळ निभावते. मृगाच्या सरी आल्यावर रात्री गार होतात. तापमान-नियंत्रक आणि दिवा यांचे काम तेव्हा पडते. तापमापक मात्र अंड्यांच्या शेजारी हवा, खोलीच्या भिंतीवर नव्हे.

दोन महिन्यांच्या सुमारास अंडी थोडी खचल्यासारखी दिसू लागतात. प्रारंभीच खळगा पडला तर ओल कमी आहे असे समजावे. शेवटी पडला तर घाबरू नये. पिलू नाकाच्या टोकावरच्या दाताने कवच चिरते आणि डोके तेवढे बाहेर काढून एखादा दिवस तसेच बसून राहते. त्याला ओढून काढू नये. पोटातला बलक ते अद्याप शोषून घेत असते. स्वतः बाहेर पडल्यावर वनविभागाने त्याला अंडी सापडली त्याच परिसरात सोडावे.