दुसरी वेलांटी

सकाळी ७.३०
वाचनालयाचं कुलूप काढायच्या आधीच अभ्यासिकेची मुलं पायरीवर येऊन बसलेली असतात. पूर्वी पेपरातल्या जागांच्या जाहिराती बघायला यायची, आता वायफायसाठी येतात. मी आधी राउटरचा हिरवा दिवा बघतो, मग पेपर टेबलावर मांडतो.

९.००
देवघेव सुरू. अकरावीतली एक मुलगी संगणकावरून उठून आली. "काका, ययाती नाहीये आपल्याकडे?" मी उठलो आणि ८९१.४६३च्या कपाटातून खांडेकर काढून तिच्या हातात दिले. तीन प्रती आहेत. तिनं शोधलं होतं ‘ययाती’, आणि मुखपृष्ठावर आहे ‘ययाति’. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी शेवटची वेलांटी दीर्घ केली, पण जुनी पुस्तकं पहिल्याच वेलांटीची राहिली. माणूस ते चालवून घेतो. आमच्या संगणकाला मात्र ती दोन वेगळी चिन्हं, म्हणून त्यानं सरळ ‘आढळले नाही’ म्हणून सांगितलं. पुस्तक कपाटात असून वाचक रिकाम्या हातानं परत जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

दुपारी १२.००
दार बंद, पण माझं खरं काम आता. पहिला संगणक आला तेव्हा सगळ्या नोंदी एका जुन्या फॉन्टमध्ये झाल्या. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली. फॉन्ट गेला आणि पडद्यावर उरला नुसता चिन्हांचा चिवडा. युनिकोडमध्ये ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, २३२५, कुठल्याही यंत्रावर तोच. म्हणून दाखल रजिस्टर उघडून एकेक नोंद नव्यानं टाकतोय. शाईनं लिहिलेलं ते रजिस्टर नसतं तर काय केलं असतं, कोण जाणे. शीर्षक छापलंय तसंच ठेवतो आणि वाचक टाइप करील ते रूप शेजारच्या रकान्यात घालतो. वाचकाचा वेळ वाचवा, हे ग्रंथालयशास्त्रातलं रंगनाथनांचं चौथं सूत्र १९३१चं. माझ्यासाठी ते या एका रकान्यात आहे.

४.३०
नोव्हेंबर आहे. हयातीच्या दाखल्यासाठी एक निवृत्त पोस्टमन आजोबा आले. मोबाइल त्यांच्या चेहऱ्यासमोर धरला. "आजोबा, पापणी मिटून उघडा." दोनदा फसलं, पाठीमागच्या खिडकीचा उजेड येत होता. खुर्ची फिरवल्यावर जमलं. ओटीपी मी वाचत नाही, त्यांचा त्यांनाच टाकायला लावतो, कितीही वेळ लागो.

रात्री ८.००
मुलं पुस्तकं आवरतात. सगळ्या संगणकांवरचे लॉगिन बंद केलेत का, ते मी स्वतः बघतो. कुणाचा तरी ईमेल रोज उघडा राहिलेला असतो.

जाता जाता ‘ययाती’ टाइप करून पाहिलं. तिन्ही प्रती आल्या, एक बाहेर गेलेली. रजिस्टरात उद्याच्या पानावर खूण घातली. पहिल्याच नोंदीत ‘गांव’ आहे, अनुस्वारासकट.